पोरगी डॉक्टरीला लागली, पुढं काय?

(घोटीच्या तालुका बैठकीत झालेलं हे बोलणं. ज्यांना येता आलं नाही अशा गावांनी मागणी केली म्हणून लिहून काढलं आहे. ग्रामसभेत एकाने मोठ्याने वाचावं. मध्ये कुणाला बोलायचं असेल तर थांबावं.)



आजची बैठक दाव्यांची आहे. कुणाचे दावे प्रांताकडं पडून आहेत, कुणाची मोजणी कमी भरली, ते सगळं दुपारून घेऊ. सकाळचा वेळ आम्ही दुसऱ्या विषयासाठी मागून घेतलाय. काही जण म्हणाले, जमिनीच्या संघटनेत डॉक्टरकीच्या कॉलेजचं काय काम? तर आधी ऐका, मग ठरवा.

२०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून निघालेला लाँग मार्च ह्याच हमरस्त्यानं घोटीवरून पुढं कसारा घाट उतरला होता. आपल्यातलेही काही जण त्यात होते. १२ तारखेला मुंबईत दहावीचा पेपर होता. पोरांना परीक्षेला जायला अडचण नको म्हणून पायाला फोड आलेली माणसं रात्रीतून चालली आणि उजाडायच्या आत आझाद मैदानात जाऊन बसली. शहरानं तेव्हा लई कौतुक केलं. आम्हाला इतकंच म्हणायचंय की परक्याच्या पोरांच्या पेपरासाठी आपण रात्रभर चाललो. आपल्या पोरांच्या शिक्षणासाठी आपण किती चाललो, ते आज बघू.

दोन वर्षांमागं आपल्या तालुक्यातल्या एका पाड्यावरची पोरगी एमबीबीएसला लागली. नाव घेत नाही. तिला विचारलं तर म्हणाली, गोष्ट सांगा, नाव नको. बापाकडं दीड एकराचा वनहक्काचा तुकडा, तोही दाव्यापेक्षा कमी मिळालेला. पोरगी आश्रमशाळेत शिकली. बारावीला प्रयोगशाळेचं कुलूप वर्षातून चार वेळा उघडलं असेल. तरी पहिल्या वर्षी थोडक्यात हुकून दुसऱ्या वर्षी लागली. मग आपण काय केलं? ढोल लावला. शाल-नारळ दिला. ह्याच पत्रकात पहिल्या पानावर बातमी छापली. फोटो सायक्लोस्टाईलवर नीट उमटत नाही, म्हणून नुसतं नाव मोठ्या अक्षरात काढलं.

मग तिला पोचवायला गेलो. बाप, मामा आणि आम्ही दोघं. कॉलेज सरकारी. कुठलं ते सांगत नाही, कारण ही एकट्या त्या कॉलेजची गोष्ट नाही. आपल्याला वाटलं होतं फी माफ म्हणजे झालं. खिडकीवर गेल्यावर कळलं, माफ होती ती शिक्षणाची फी. अनामत भरायची होती, वसतिगृहाचे वेगळे, मेसची आगाऊ रक्कम, ॲप्रन, स्टेथोस्कोप, इंग्रजीतली वीटभर जाडीची पुस्तकं, आणि अभ्यासाला माणसाच्या हाडांचा संच. शिष्यवृत्तीचे पैसे येतात, पण मागाहून येतात. पोटाला आज लागतं. बापानं एक बैल विकला होता आणि भाताच्या भरवशावर गिरणीवाल्याकडून उचल घेतली होती. ती सगळी त्या एका दुपारी संपली. परतताना तो आमच्याशी काहीच बोलला नाही.

रांगेत आमच्यामागं एक गृहस्थ मुलाला घेऊन उभे होते. माणूस चांगला, बापाला बसायला खुर्ची आणून दिली. बोलता बोलता विचारलं, "क्लास कुठला लावला होता?" मामा म्हणाला, क्लास नव्हता. त्यांना ते खरंच वाटलं नाही. त्यांचा मुलगा दोन वर्षं लातूरला होता, वर एक वर्ष पुन्हा बसला. खोली, मेस, क्लास मिळून सहा-सात लाख गेले म्हणाले. आपण बियाण्याच्या पिशवीचा भाव सांगतो तसं सांगितलं. वाईट हेतू काही नव्हता. एकाच खिडकीवर दोन बाप उभे होते, एवढंच आम्ही बघितलं.

आता कुणी म्हणेल, मग कर्ज काढायचं. वनहक्क कायद्याच्या कलम ४ मध्ये स्पष्ट आहे, ही जमीन वारसानं जाईल, पण विकता येणार नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येणार नाही. हे आपणच मागून घेतलंय आणि बरोबर आहे. नाहीतर पाच वर्षांत सगळे तुकडे सावकाराच्या आणि फार्महाऊसवाल्याच्या घशात गेले असते. पण बँक म्हणते, विकता येत नाही ती जमीन तारण कशी धरू? शहरातला बाप फ्लॅट तारण ठेवतो. आपल्या बापाकडं ठेवायला बैल असतो. म्हणून म्हणतो, हा विषय जमिनीचाच आहे.

पण पैसा हा निम्माच भाग. आत गेल्यावर जे होतं ते कुठल्या पावतीवर येत नाही.

पहिल्या दिवशी वर्गात पहिला प्रश्न नाव-गाव नव्हता. "रँक किती?" हा होता. रँक सांगितली की समोरचा ओळखतो, कुठल्या जागेवर आली. मग बोलणं थांबतं. एका शिक्षकानं सहज विचारलं, कुणाकुणाच्या घरी डॉक्टर आहेत? निम्म्याच्या वर हात वर गेले. ज्यांचे आईबाप डॉक्टर त्यांना कुठला सर परीक्षेत काय विचारतो ते आधीच माहीत. वरच्या वर्षाच्या पोरांच्या वह्या आपसात फिरतात, त्या वर्तुळात आपली पोरगी नाही. शिकवणं इंग्रजीतून. तिला हाड ओळखता यायचं, नाव तोंडात बसायचं नाही. बोलली की उच्चाराला कुणीतरी हसायचं, म्हणून तिनं बोलणं सोडलं. मेसमध्ये सगळे उठल्यावर एकटी जेवायला जायची. पहिल्या परीक्षेत दोन विषय गेले.

हे सगळं आम्हाला कधी कळलं? दिवाळीत, ती घरी आली आणि म्हणाली मी परत जात नाही तेव्हा. मधल्या चार महिन्यांत आम्ही एक फोन केला नव्हता. बापाला वाटलं संघटनेचे लोक बघतायत, आम्हाला वाटलं घरचे बघतायत. दाव्याची फाईल चार महिने कुठं अडली हे न विचारता आम्ही कधी बसलो असतो का? पोरीच्या बाबतीत बसलो. ही चूक आमची आहे आणि ती इथं सगळ्यांसमोर सांगतोय.

चूक किती महागात पडू शकते, ते आता सांगतो. डॉ. पायल तडवी. जळगावची, तडवी भिल्ल समाजाची. मिरजेच्या सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाली आणि २०१८ साली मुंबईत नायर हॉस्पिटलच्या टोपीवाला कॉलेजात बाळंतपणाच्या शाखेत पुढच्या शिक्षणाला गेली. म्हणजे नीट दोनदा पार केलेली, डॉक्टर झालेली बाई. २२ मे २०१९ ला वसतिगृहाच्या खोलीत तिनं जीव दिला. वय सव्वीस. घरच्यांचं म्हणणं, वरच्या वर्षाच्या तीन डॉक्टर बाया तिला जातीवरून टोमणे मारायच्या, सगळ्यांसमोर अपमान करायच्या, बाळंतपणं करू द्यायच्या नाहीत. आई आबेदा तडवी स्वतः त्याच हॉस्पिटलात उपचाराला जायच्या, पोरीचे हाल त्यांनी बघितले होते. आधी तक्रार केली होती असं घरचे सांगतात. तिघींना अटक झाली, ऑगस्टमध्ये हायकोर्टानं जामीन दिला, आणि २०२० साली सुप्रीम कोर्टानं त्यांना शिक्षण पुरं करायला परत जायची परवानगी दिली. गुन्हा शाबीत की नाही ते कोर्ट ठरवेल, आपण ठरवणार नाही. पण त्या आईकडून आपण शिकायला पाहिजे. त्या गप्प बसल्या नाहीत. हैद्राबादच्या रोहित वेमुलाच्या आई राधिका आणि त्या, दोघी मिळून २०१९ सालीच सुप्रीम कोर्टात गेल्या. कॉलेजांत जातीवरून छळ होऊ नये म्हणून २०१२ साली नियम केलेत, ते पाळले जात नाहीत, एवढंच त्यांचं मागणं.

आणि ही गोष्ट मुंबईपुरती नाही. दिल्लीच्या एम्समध्ये, म्हणजे देशातल्या सगळ्यात मोठ्या सरकारी डॉक्टरी कॉलेजात, २००६ साली सरकारला प्रा. सुखदेव थोरात यांची समिती नेमावी लागली. समितीनं पोरांना विचारलं. दलित-आदिवासी पोरं वसतिगृहात ठरावीक मजल्यांवर एका बाजूला पडलेली. त्रास सोसण्यापेक्षा खोली बदललेली बरी, म्हणून. मेसमध्ये, खेळात बाजूला. शिक्षक इतरांना देतात तेवढा वेळ देत नाहीत, अशी तक्रार. हे सगळं २००७ च्या अहवालात आहे.

तर "तुम्ही कोट्यातून आलात" हे वाक्य आपल्या पोरांना रोज ऐकावं लागतं. त्याचं उत्तर त्यांना देता यावं म्हणून थोडा हिशेब सांगतो, लक्षात ठेवा. २०२३ साली नीटला ७२० पैकी १३७ गुण मिळाले की खुल्या वर्गातला मुलगा पात्र. पात्र म्हणजे दाराशी उभा राहायला मोकळा. एवढ्या गुणांवर सरकारी जागा मिळत नाही. पण खाजगी अभिमत विद्यापीठांत, जिथं वर्षाची फी वीस लाखांच्या घरात किंवा वर असते, तिथं ज्याच्याकडं पैसा आहे तो एवढ्यावर रांगेत उभा राहू शकतो. तिथं आपल्यासाठी राखीव जागाच नाहीत. आपल्या पोरांना सरकारी जागेसाठी ह्याहून बरेच जास्त गुण लागतात. मग कोटा कुणाचा? पैशाच्या कोट्याला कुणी कोटा म्हणत नाही, त्याला मॅनेजमेंट म्हणतात. आरोग्य विद्यापीठ आपल्या नाशकातच आहे, १९९८ पासून. खाजगी मेडिकल कॉलेज तर आपल्या इगतपुरी तालुक्यात, धामणगावला आहे. दुखण्याला आपली माणसं तिथं जातात, चांगलं आहे. पण शिकायला ते जितकं लांब मुंबईवाल्याला, त्याच्या कितीतरी पट लांब आपल्याला.

दुसरं, आपल्या हक्काच्या जागाही सगळ्या आपल्याला मिळाल्या नाहीत. राज्यात आपण २०११ च्या शिरगणतीत शंभरात नऊच्या वर, राखीव जागा शंभरात सात. त्यातही बोगस. १९९४ सालचा माधुरी पाटील खटला जुन्या कार्यकर्त्यांना माहीत आहे. महादेव कोळी म्हणून दाखला काढून दोन बहिणी, एक एमबीबीएस, एक दातांच्या डॉक्टरीला. तपासणीत दाखला खोटा ठरला. त्या निकालातून आजच्या पडताळणीची पद्धत पक्की झाली. २००० सालच्या नोव्हेंबरात दुसरा निकाल. हलबा म्हणून १९८५-८६ ला एमबीबीएसला गेलेला मुलगा. कोर्ट म्हणालं, हा आदिवासी नाही, पण आता डॉक्टर होऊन बसलाय, सरकारचा खर्च झालाय, पदवी राहू द्या. पुढं सवलत नाही. पदवी त्याची राहिली. त्या सालची ती एक जागा ज्या आदिवासी पोराची होती ते पोरगं कुठं गेलं, हे कुणी विचारलं नाही. २०१७ साली सुप्रीम कोर्टानं कडक भूमिका घेतली, की खोट्या दाव्यावर मिळालेला प्रवेश, नोकरी टिकणार नाही. तीस वर्षं गेली त्यात.

आणि खऱ्याचे हाल बघा. आपल्या ह्या पोरीच्या पडताळणीला नाशिकला नऊ खेपा झाल्या. १९५० च्या आधीचा कागद आणा. आजा शाळेतच गेला नाही, तर त्याचा शाळेचा दाखला आणायचा कुठून? वनहक्काच्या दाव्यात गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा जबाब पुरावा म्हणून धरतात, ते आपण लढून मिळवलंय. जातीच्या कागदाला मात्र कागदच लागतो. शेवटी चुलत आज्याच्या नावाची जन्म-मृत्यूच्या रजिस्टरातली नोंद सापडली, तिच्यावर काम झालं.

आता जरा अवघड बोलायचंय, आपल्याच माणसांबद्दल. आपल्या सात टक्क्यांत कोण जातं? बहुतेक मास्तरांची, ग्रामसेवकांची, साहेबांची पोरं. ज्यांच्या घरी महिन्याचा पगार येतो आणि नाशकात खोली आहे. त्यांनी जाऊ नये असं आम्ही म्हणत नाही, त्यांचाही हक्क आहे आणि हसणारा त्यांनाही हसतोच. पण ह्या बैठकीत कातकरी वाडीवरून आलेली माणसं बसलीत. त्यांच्यात किती पोरं बारावी सायन्स झाली? हात वर करा म्हटलं तर एक येणार नाही. वीटभट्टीवर गेलेलं पोर नीटचा फॉर्म कुठून भरणार? एकाचा हक्क काढून दुसऱ्याला द्या हे सरकारच्या फायद्याचं बोलणं आहे, त्यात आपण पडायचं नाही. पण आपल्यातल्या पगारदारांनी दर साल एका पाड्यावरच्या पोराचा मेसचा खर्च उचलावा, हे मागायचा आपल्याला अधिकार आहे. मागू.

तामिळनाडूत २०१७ साली अनिता नावाच्या पोरीनं जीव दिला. बाप हमाल. बारावीला १२०० पैकी ११७६ गुण. नीटमध्ये अडली. तिच्या मागं लोक उठले, आणि २०२० साली तिथल्या सरकारनं सरकारी शाळेत शिकलेल्या पोरांना डॉक्टरीच्या जागांत साडेसात टक्के वेगळे ठेवले. आपल्याकडं आश्रमशाळेत शिकलेल्या पोरांसाठी असं का नको? हा ठराव आज मांडणार आहोत. नाशकातल्या आदिवासी विकास भवनावर तो घेऊन जाऊ.

आता आपल्या हातातलं. दिवाळीत ती पोरगी जाणार नाही म्हणाली तेव्हा तिचा बाप म्हणाला, "बाई, नको असलं तर नको." आजी गप्प होती. आम्ही शोधाशोध केली तेव्हा त्याच कॉलेजात तिसऱ्या वर्षाला किनवटकडचा एक आदिवासी मुलगा आणि बीडचा ऊसतोड कामगाराचा मुलगा सापडला. दोघांनी आपल्या वह्या दिल्या, रविवारी दोन-दोन तास बसले. पैसे गावानं जमवले, घरटी पायलीभर भात. मार्चमध्ये ती राहिलेले विषय सुटली. आता दुसऱ्या वर्षाला आहे. अजून मेसमध्ये कधी एकटीच जेवते, पण जेवते.

ह्यातनं आम्ही ठरवलंय ते असं. पोर लागलं की सत्कार नंतर, आधी दोन माणसं नेमायची. त्यांनी आठवड्याला फोन आणि महिन्याला एकदा जाऊन यायचं. कॉलेजात आधीपासून असलेली आपली, दलितांची, गरिबाची पोरं कोण ते पहिल्या आठवड्यात शोधायचं. आणि त्रास झाला तर तोंडी सांगून यायचं नाही. दाव्याची पोच घेतल्याशिवाय आपण टेबल सोडत नाही, तसंच इथं. राज्यात रॅगिंगबंदीचा कायदा १९९९ पासून आहे. लेखी तक्रार आली की कॉलेजच्या प्रमुखानं सात दिवसांत चौकशी करायची, तथ्य दिसलं तर त्या मुलाला काढून ठेवायचं आणि तक्रार पोलिसांकडं पाठवायची. त्यानं केलं नाही तर त्याचीच त्या गुन्ह्याला मदत धरतात. जातीवरून बोलले असतील तर अट्रॉसिटीचा कायदा वेगळा. रॅगिंगची तक्रार फोनवरही होते, १८००-१८०-५५२२. पोर अचानक बोलायचं थांबलं, जेवत नाही, जगून काय उपयोग असं म्हणालं, तर कागद मागाहून. त्याच दिवशी गाडी पकडून जायचं, रात्र असेल तर ट्रकनं जायचं, तोवर कुणीतरी फोनवर बोलत राहायचं. १४४१६ हा सरकारी नंबर आहे, तिथं मनाच्या दुखण्याबद्दल मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

कुणी विचारलं, एवढं करून पोर शहरातच राहिलं तर? राहील कदाचित. सरकारी कॉलेजातून झालेल्या डॉक्टरनं एक वर्ष सेवा द्यायची, नाहीतर दहा लाख भरायचे असा करार असायचा. ज्याच्या बापाला दहा लाख जड नव्हते तो भरून सुटू शकायचा. आपल्या केंद्रात डॉक्टरची खुर्ची वर्षातले किती दिवस रिकामी असते, ते बाळंतपणाला डोली करून नेणाऱ्या बायांना विचारा. आपलं पोर येईल की नाही सांगता येत नाही. पण ठाकरी बोली समजायला त्याला दुभाषी लागत नाही.

दुपारी दाव्यांचं सुरू करायच्या आधी एवढं करा. ज्यांची पोरं यंदा अकरावी-बारावी सायन्सला आहेत त्यांनी नावं द्या. आजा-पणजाच्या नावाचं काही असेल, जुनी पावती, वसुलीचा कागद, जन्म-मृत्यूची नोंद, फाटकं असलं तरी पुढच्या बैठकीला आणा. नक्कल काढून मूळ कागद परत देऊ. आणि त्या पोरीनं पहिल्या वर्षाची पुस्तकं नि हाडांचा संच पुढच्या पोरासाठी घोटीच्या कार्यालयात ठेवलाय. खोकं कपाटाच्या खालच्या खणात आहे. परवा एका आजीनं उघडून बघितलं आणि आरडली. कुणी घाबरू नका, ज्याला लागेल त्यानं वहीत सही करून न्यावं.